सव्वीस ऑगस्टची तारीख

निकालाइतकीच तारीखही महत्त्वाची असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या पक्षकाराला सांगावे लागत नाही. झोपडी पाडण्यास स्थगिती मागणारा अर्ज उद्या सुनावणीला आला तर घर वाचते. पुढच्या आठवड्याची तारीख पडली तर घर जमीनदोस्त झालेले असते आणि अर्ज मात्र फायलीत जिवंत असतो. तारीख देणाऱ्याने कोणाच्याही विरोधात निकाल दिलेला नसतो. तरीही निकाल लागलेला असतो. एका महासत्तेच्या इतिहासात अशीच एक तारीख पडली होती. १९ ऑगस्ट १९९१ रोजी मॉस्कोच्या रस्त्यावर रणगाडे उतरले, राष्ट्राध्यक्ष नजरकैदेत होते, आणि सोव्हिएत संसदेचे अध्यक्ष अनातोली इव्हानोविच लुक्यानोव यांनी अधिवेशनासाठी तारीख दिली २६ ऑगस्ट. सात दिवसांनंतरची!

सोव्हिएत युनियनच्या शेवटाची चर्चा निघाली की आपल्याकडे गोर्बाचेव्ह आणि येल्त्सिन ही दोनच नावे घेतली जातात. ९ जानेवारी २०१९ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी वारलेले लुक्यानोव फारसे कोणाला आठवत नाहीत. परंतु संविधान या शब्दाशी ज्यांचे जिव्हाळ्याचे नाते आहे, त्यांनी या माणसाची कारकीर्द अवश्य तपासली पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण हा माणूस रणगाड्याचा नव्हता, कायद्याचा होता. संविधान लिहिणाऱ्यांत तो होता, संविधानाने स्थापन केलेल्या संसदेच्या सर्वोच्च आसनावर तो बसला, आणि संविधानाची खरी परीक्षा आली त्या दिवशी त्याने संविधानातील तरतुदींचाच आडोसा घेतला.

लुक्यानोव यांचा जन्म ७ मे १९३० चा, पश्चिम रशियातील स्मोलेन्स्कचा. वडील महायुद्धात मारले गेले आणि हा मुलगा तेरा वर्षांच्या वयात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामाला लागला. म्हणजे हा काही सत्तेच्या सावलीत वाढलेला राजपुत्र नव्हता. शिक्षणाच्या बळावर तो मॉस्को विद्यापीठाच्या विधी विभागात पोहोचला आणि १९५३ साली पदवीधर झाला. त्याच विभागात दोन वर्षे मागे मिखाईल गोर्बाचेव्ह शिकत होते. दोघांची ओळख तेव्हाची. पुढे एक देशाचा प्रमुख झाला आणि दुसरा त्याच्या संसदेचा; आणि शेवटी एक नजरकैदेत असताना दुसरा नजरकैद घडवणाऱ्यांच्या बैठकीत बसला.

पदवीनंतरची तीस वर्षे लुक्यानोव यांनी सरकारी आणि पक्षाच्या कार्यालयांत काढली. आधी मंत्रिमंडळाच्या विधी आयोगात, मग सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाच्या कचेरीत. मसुदे करणे, शब्द तपासणे, कागद योग्य टेबलावर पोहोचवणे हे त्यांचे काम. ७ ऑक्टोबर १९७७ रोजी मंजूर झालेल्या ब्रेझनेव्हच्या काळातील संविधानाच्या मसुद्यावर काम करणाऱ्या गटातही ते होते.

हे १९७७ चे संविधान वाचण्यासारखे आहे. त्यात कामाचा हक्क आहे, घराचा हक्क आहे, औषधोपचाराचा आणि शिक्षणाचा हक्क आहे. कलम ५० मध्ये भाषणस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य, सभा-मिरवणुकांचे स्वातंत्र्य आहे. कलम ७२ मध्ये तर प्रत्येक प्रजासत्ताकाला संघातून मोकळेपणाने बाहेर पडण्याचा हक्क दिला आहे. इतका मोठा हक्क जगातील फार थोड्या संविधानांनी दिला असेल. पण बारकाईने वाचा. भाषणस्वातंत्र्य आहे ते ‘जनतेच्या हिताला अनुसरून आणि समाजवादी व्यवस्थेच्या बळकटीसाठी’. आणि कलम ६ सांगते की समाजाची नेतृत्व करणारी आणि दिशा देणारी शक्ती कम्युनिस्ट पक्ष आहे. म्हणजे जनतेचे हित कशात आहे हे ठरवणारा एकच. नागरिकाने हक्क मागायचा कोणाकडे? पक्षाकडे. हक्क नाकारला तर तक्रार करायची कोणाकडे? तीही पक्षाकडेच. संसदेने केलेला कायदा संविधानाला धरून आहे की नाही हे तपासणारे न्यायालयच नव्हते. संविधानावर देखरेख करणारी समिती आली ती थेट गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांच्या काळात, १९९० च्या सुमारास, आणि तिच्या हातात फारसे बळ नव्हते.

१९८५ साली गोर्बाचेव्ह पक्षाचे सरचिटणीस झाले आणि जुन्या विद्यापीठ-मित्राचे दिवस पालटले. लुक्यानोव पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या सामान्य विभागाचे प्रमुख झाले. नाव साधे, पण पक्षाच्या वरिष्ठांकडे जाणारा प्रत्येक गुप्त कागद याच विभागातून जात असे. १९८७ मध्ये ते समितीचे सचिव, १९८८ मध्ये पॉलिट ब्युरोचे उमेदवार सदस्य झाले. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधींची नवी काँग्रेस निवडून आली, तिचे कामकाज दूरचित्रवाणीवरून थेट दिसू लागले आणि सोव्हिएत नागरिकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नेत्यांना तोंडावर प्रश्न विचारले जाताना पाहिले. मार्च १९९० मध्ये कलम ६ मधील पक्षाची मक्तेदारी काढून टाकण्यात आली, राष्ट्राध्यक्षपद निर्माण झाले, १५ मार्चला गोर्बाचेव्ह राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांची सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षपदाची रिकामी खुर्ची लुक्यानोव यांना मिळाली.

गोर्बाचेव्ह राष्ट्राध्यक्ष झाले ते जनतेच्या मतांनी नव्हे, काँग्रेसच्या मतांनी, हेही येथे नोंदवले पाहिजे. १,३२९ मते बाजूने, ४९५ विरोधात. पुढे जून १९९१ मध्ये येल्त्सिन रशियन प्रजासत्ताकाचे अध्यक्ष म्हणून थेट जनतेतून निवडून आले. एका घरात दोन कर्ते झाले आणि त्यातल्या एकाकडेच मतपेटीचा शिक्का होता. पुढच्या अनेक घटनांचे मूळ येथे आहे.

आता कलम ७२ कडे परत येऊ. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. तेव्हा मॉस्कोच्या लक्षात आले की बाहेर पडण्याचा हक्क दिला आहे, पण बाहेर पडायचे कसे याचा कायदाच नाही. लुक्यानोव यांच्या अध्यक्षतेखालील संसदेने ३ एप्रिल १९९० रोजी तो कायदा केला. सार्वमत घ्या, दोन तृतीयांश मतदारांची संमती मिळवा, मग पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ, आणि अखेर केंद्रीय काँग्रेसचे शिक्कामोर्तब. हक्काच्या भोवती इतके उंबरठे घातले की दारापर्यंत कोणी पोहोचू नये. हक्क तेरा वर्षे कागदावर निवांत पडून होता. कोणीतरी तो वापरायला निघताच कार्यपद्धती जन्माला आली. जमिनीच्या, नोकरीच्या, पुनर्वसनाच्या हक्कासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या कोणालाही ही रीत ओळखीची वाटेल.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १७ मार्च १९९१ रोजी सोव्हिएत संघ नव्या स्वरूपात टिकवावा की नाही यावर सार्वमत झाले. बाल्टिकची तीन प्रजासत्ताके, आर्मेनिया, जॉर्जिया आणि मोल्दोव्हा यांच्या सरकारांनी त्यावर बहिष्कार टाकला. उरलेल्या भागात मतदान करणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांहून अधिक लोकांनी संघाच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर गोर्बाचेव्ह यांनी प्रजासत्ताकांच्या नेत्यांशी वाटाघाटी करून जो नवा संघकरार तयार केला, त्यात केंद्राकडे फारच थोडे उरत होते आणि देशाच्या नावातून ‘समाजवादी’ हा शब्दही गेला होता. २० ऑगस्टला त्यावर सह्या होणार होत्या. हा करार सार्वमताच्या कौलाशी जुळत नाही, तो संसदेपुढे पुन्हा यायला हवा, असा लुक्यानोव यांचा आक्षेप होता. कायद्याच्या दृष्टीने या आक्षेपात तथ्य होते, असेच आम्ही म्हणू. प्रश्न आहे तो हा आक्षेप त्यांनी कधी, कोठे आणि कोणाच्या सोबतीने मांडला याचा.

एक इशारा आधीच मिळाला होता. १७ जून १९९१ रोजी पंतप्रधान वालेंतिन पावलोव यांनी राष्ट्राध्यक्षांना विश्वासात न घेता संसदेकडे जादा अधिकार मागितले. बंद दाराआड केजीबीप्रमुख क्र्युच्कोव, संरक्षणमंत्री याझोव आणि गृहमंत्री पुगो यांची भाषणे झाली. अध्यक्षस्थानी लुक्यानोव. चार दिवसांनी गोर्बाचेव्ह स्वतः संसदेत आले आणि तो प्रस्ताव बारगळला. दोन महिन्यांनंतर हेच चौघे आणीबाणी समितीत होते.

१८ ऑगस्टला गोर्बाचेव्ह क्रिमियातील फोरोस येथे सुट्टीवर असताना त्यांना कोंडण्यात आले. लुक्यानोवही वाल्दाई येथे सुट्टीवर होते. त्यांना हेलिकॉप्टरने मॉस्कोला आणले गेले आणि रात्री क्रेमलिनमधील बैठकीत ते हजर होते. समितीच्या यादीत आपले नाव नको, आपण विधिमंडळाचे प्रमुख आहोत, अशी भूमिका त्यांनी घेतली. यादी आठ जणांची झाली. त्यात लुक्यानोव नाहीत. पण १९ तारखेच्या पहाटे आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवर समितीचे फर्मान वाचले गेले तेव्हा त्यासोबत संघकरारावर टीका करणारे लुक्यानोव यांचे निवेदनही वाचले गेले. त्या निवेदनावर तारीख होती १६ ऑगस्ट. ते खरोखर केव्हा लिहिले गेले यावर पुढे बराच वाद झाला. पण ते कधीही लिहिलेले असो, ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना एकच अर्थ कळला: संसद या आणीबाणीच्या पाठीशी आहे.

उपराष्ट्राध्यक्ष यानायेव यांनी गोर्बाचेव्ह आजारी असल्याचे सांगून सूत्रे घेतली. आजाराचा वैद्यकीय दाखला कोणीही दाखवला नाही. आणीबाणीला संसदेची मंजुरी लागत होती. अशा वेळी संसदेच्या अध्यक्षाचे कर्तव्य काय? दाखला मागणे. राष्ट्राध्यक्षांशी स्वतः बोलण्याचा आग्रह धरणे. सभासदांना ताबडतोब बोलावणे. २० ऑगस्टला रशियन प्रजासत्ताकाच्या वतीने रुत्स्कोई, खस्बुलातोव आणि सिलायेव हे तिघे क्रेमलिनमध्ये लुक्यानोव यांना भेटले आणि त्यांनी हेच मागितले. लुक्यानोव यांचे उत्तर होते, सभासद सुट्टीवर आहेत, देशभर विखुरलेले आहेत, गणसंख्या जमायला वेळ लागेल, म्हणून २६ तारीख. नियमाला धरूनच बोलत होते ते! त्याच रात्री मॉस्कोच्या रस्त्यावर तीन तरुणांचा बळी गेला. २१ ऑगस्टला कट कोसळला. संसदेचा अध्यक्ष ज्या सभागृहाची वाट पाहत होता, त्याची गरजच उरली नाही.

लुक्यानोव अखेरपर्यंत सांगत राहिले की आपण कटात नव्हतो. अरुंद अर्थाने हे खरेही असू शकेल. समितीच्या कागदावर त्यांची सही नाही. पण सही न करता केलेली मदत ही मदत नसते काय? समितीला लुक्यानोव यांच्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या: कायदेशीरपणाचा थोडा रंग आणि थोडा वेळ. रंग निवेदनाने दिला, वेळ तारखेने दिला. २१ ऑगस्टला ते विमानाने फोरोसला गेले. गोर्बाचेव्ह यांनी क्र्युच्कोव आणि याझोव यांना भेटण्यास नकार दिला, पण जुन्या मित्राला आत घेतले. ती भेट मैत्रीची उरली नव्हती. २९ ऑगस्टला त्यांच्याच संसदेने त्यांच्यावर खटला भरण्यास संमती दिली आणि त्यांना अटक झाली.

पुढचा भाग आम्हा वकील मंडळींनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. लुक्यानोव यांना मॉस्कोच्या ‘मात्रोस्काया तिशिना’ या तुरुंगात ठेवले. या नावाचा अर्थ ‘खलाशांची शांतता’. तेथे ते डिसेंबर १९९२ पर्यंत होते. ‘ओसेनेव’ या टोपणनावाने ते कविता लिहीत; तुरुंगातही लिहीत राहिले. आरोप आधी मातृभूमीशी द्रोहाचा, पुढे सत्ता बळकावण्याच्या कटाचा. पण ज्या देशाशी द्रोह केला म्हणायचे तो देशच डिसेंबर १९९१ मध्ये नाहीसा झाला होता! त्यात भर म्हणजे, खटला उभा राहण्यापूर्वीच, १९९२ साली, रशियाचे महाअभियोक्ता स्तेपान्कोव आणि त्यांचे सहकारी लिसोव यांनी तपासातील सामग्री वापरून या कटावर पुस्तक प्रसिद्ध केले. आरोपपत्र सिद्ध होण्याआधी सरकारी वकिलाने आरोपी दोषी असल्याचे दुकानात विकायला ठेवले. आरोपींनी यावर आक्षेप घेतला आणि एप्रिल १९९३ मध्ये सुरू झालेला खटला याच मुद्द्यावर अडखळला. लुक्यानोव यांनी तर तपासात जबाब देण्यासच नकार दिला होता. निर्दोषत्वाचे गृहीतक, निष्पक्ष अभियोग, बचावाचा हक्क ही तत्त्वे त्यांच्या तोंडी आली, आणि ती बरोबरच होती. ज्या राजवटीत ते तीस वर्षे मसुदे करीत होते, तिच्या तुरुंगात याच तत्त्वांची मागणी करणाऱ्या किती नागरिकांना ती मिळाली होती, हा प्रश्न मात्र उरतोच. तरीही आमचे म्हणणे असे की हक्क आरोपीचे चारित्र्य पाहून द्यायचा नसतो. लुक्यानोव यांनाही तो मिळालाच पाहिजे होता.

इकडे रणगाड्यावर चढून लोकशाहीचे भाषण करणारे येल्त्सिन काय करीत होते? २१ सप्टेंबर १९९३ रोजी त्यांनी हुकूम क्रमांक १४०० काढून रशियाची निवडलेली संसद बरखास्त केली. तसा अधिकार त्यांना संविधानाने दिलेला नव्हता. संसद हटली नाही, तेव्हा ४ ऑक्टोबरला रणगाड्यांनी संसदभवनावरच तोफा डागल्या. त्या दिवसांतील संघर्षात शंभराहून अधिक माणसे मेली. रुत्स्कोई आणि खस्बुलातोव, जे दोन वर्षांपूर्वी लुक्यानोव यांच्याकडे अधिवेशन मागायला गेले होते, ते आता तुरुंगात गेले. १९९१ च्या आठ जणांना ‘कटवाले’ म्हणणाऱ्या पाश्चात्त्य राजधान्यांनी १९९३ च्या येल्त्सिन यांना ‘सुधारक’ म्हणून पाठिंबा दिला. रणगाडा तोच, फक्त बसणारा बदलला म्हणून त्याचे नाव बदलले.

१२ डिसेंबर १९९३ रोजी नवे संविधान सार्वमताने मंजूर झाले आणि त्याच दिवशी नव्या संसदेची, म्हणजे दूमाची, निवडणूक झाली. त्या निवडणुकीत स्मोलेन्स्कच्या मतदारांनी लुक्यानोव यांना निवडून दिले. २३ फेब्रुवारी १९९४ रोजी दूमाने सार्वत्रिक माफी जाहीर केली. ती १९९१ च्या आरोपींना मिळाली आणि १९९३ च्या आरोपींनाही. लुक्यानोव यांनीही ती घेतली. एकट्या जनरल वारेन्निकोव यांनी माफी नाकारली, खटला चालवा म्हणून हट्ट धरला आणि ऑगस्ट १९९४ मध्ये ते निर्दोष सुटले. माफी म्हणजे शिक्षा नाही, तशी निर्दोषताही नाही. १९९१ मध्ये संसदेच्या अध्यक्षाने गुन्हा केला की नाही, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही आणि आता लागणारही नाही.

कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लुक्यानोव १९९५ आणि १९९९ मध्येही निवडून आले. १९९५ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष १५७ जागा घेऊन सर्वांत मोठा ठरला आणि ते विधी व न्यायसुधारणा समितीचे अध्यक्ष झाले. रशियाची नवी दंडसंहिता १९९६ मध्ये मंजूर झाली ती याच काळात. मे १९९९ मध्ये येल्त्सिन यांच्यावर दूमात महाभियोग आला. पाच आरोपांपैकी एकालाही आवश्यक ती ३०० मते मिळाली नाहीत. मिळाली असती तरी नव्या संविधानाने पुढे इतके टप्पे घातले होते की राष्ट्राध्यक्षाला हटवणे जवळपास अशक्य होते. हक्काभोवती उंबरठे घालणाऱ्या कायदेपंडिताला आता उंबरठ्याच्या बाहेर उभे राहण्याचा अनुभव आला. २००२ मध्ये कम्युनिस्टांकडून बहुतेक समित्या काढून घेण्यात आल्या, लुक्यानोव यांचेही अध्यक्षपद गेले आणि २००३ मध्ये त्यांची संसदीय कारकीर्द संपली. नंतर ते आपल्या जुन्या विद्यापीठात कायदा शिकवत राहिले.

आता एक तुलना. हुकूम १४०० निघाला त्याच रात्री रशियाचे संविधान न्यायालय बसले. अध्यक्ष होते वालेरी झोर्किन. राष्ट्राध्यक्षांची कृती संविधानविरोधी असल्याचा निर्णय त्यांनी काही तासांत दिला. सभासद विखुरलेले आहेत, पुढच्या आठवड्यात पाहू, असे ते म्हणाले नाहीत. त्याची किंमत म्हणून न्यायालयाचे काम थांबवले गेले आणि झोर्किन यांना अध्यक्षपद सोडावे लागले. म्हणजे रखवालदाराला वेळेवर जागे राहता येते, हे त्याच शहरात दोन वर्षांनी सिद्ध झाले. पण गोष्ट येथे संपत नाही. हेच झोर्किन २००३ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले. मार्च २०१४ मध्ये क्रिमिया विलीन करून घेणाऱ्या कराराला त्यांच्या न्यायालयाने एका दिवसात मान्यता दिली. मार्च २०२० मध्ये पुतिन यांना आणखी दोन कार्यकाळांचे दार उघडणाऱ्या संविधानदुरुस्तीला दोन दिवसांत मान्यता दिली. तत्परता तीच राहिली. फक्त ती आता सत्तेच्या सेवेत होती. आणि २०१५ मध्ये क्रिमियाच्या निकालातील कायदेशीर उणिवा ‘नोवाया गझेता’त जाहीरपणे मांडणारी संविधानतज्ज्ञ कोण होती? येलेना लुक्यानोवा, अनातोली लुक्यानोव यांची कन्या. झोर्किन यांना तिला वृत्तपत्रातून उत्तर द्यावे लागले. बापाने जे करायचे टाळले ते मुलीने केले, आणि तेही कोणतीही खुर्ची हाती नसताना.

संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे वाईट निघाली तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. लुक्यानोव यांच्या कारकिर्दीत एक वेगळी गोष्ट दिसते. हा माणूस लाचखोर नव्हता, अडाणी नव्हता, क्रूरही नव्हता. गरिबीतून आलेला, कवितेत रमणारा, कवींच्या आवाजाच्या ध्वनिफिती जमवणारा विद्वान होता. पण आपली निष्ठा पक्षाशी आहे, मित्राशी आहे, साम्राज्याशी आहे की संविधानाशी, हे त्याने आयुष्यभर ठरवले नाही. सगळे एकाच दिशेने चालले होते तोवर ठरवण्याची गरजही पडली नाही. १९ ऑगस्टच्या पहाटे ती पडली, आणि न ठरवणे हाच त्याचा निर्णय ठरला.

म्हणून संविधानाच्या रक्षणाची चर्चा करताना केवळ ते जाळणाऱ्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. सभागृहाचा अध्यक्ष अधिवेशन कधी बोलावतो, न्यायालय सुनावणी कधी ठेवते, आयोग अहवाल कधी देतो, हे तपासण्याची सवय लागली पाहिजे. उशीर झाला की ‘नियमात बसते’ असे उत्तर मिळते. नियमात बसत असेलही. २६ ऑगस्टही नियमात बसत होती.